पचनविकारग्रस्त मांजराच्या आहाराची निवड : एक शास्त्रीय विवेचन

बीजशब्द : मांजर, मांसाहारी प्राणी, पचनविकार, दुग्धशर्करा, टॉरिन, वर्ज्य आहार चाचणी, संपूर्ण आहार.

१. प्रस्तावना

मानव आणि मांजर यांचे साहचर्य अतिशय प्राचीन आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सापडल्याचे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. मनुष्य शेती करून धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले, असा या साहचर्याचा सर्वसाधारण क्रम मानला जातो. महाराष्ट्रातील खेड्यांत आणि वाड्यांतही मांजर प्रामुख्याने याच कारणासाठी पाळले जात असे. घरातील माणसे त्याच्यापुढे वाटीभर दूध, दूध-पोळीचा कुस्करा किंवा किनारपट्टीच्या भागात माशांची डोकी ठेवत. उरलेले पोट ते कणगीभोवतीच्या आणि बळदातील उंदरांवर, पाली-पाखरांवर भरत असे.

या व्यवस्थेतून एक समज दृढ झाला की, मांजर दूध-पोळीवर जगते. वस्तुतः ते शिकारीवर जगत होते आणि दूध-पोळी ही केवळ जोड होती. आज शहरातील सदनिकेत वाढणारे मांजर उंबरठ्याबाहेर पडत नाही. त्याला शिकार उपलब्ध नसते. समोर ठेवलेल्या बशीत जे असेल तेवढेच त्याचे अन्न होय. शिकार गेली, परंतु दूध-पोळी मात्र राहिली. त्यामुळे आहारातील उणिवांची भरपाई करण्याचा जो मार्ग पूर्वीच्या मांजराला उपलब्ध होता, तो आता बंद झाला आहे. जुलाब, उलट्या, बद्धकोष्ठता, खाण्याची अनिच्छा अशा तक्रारी उद्भवल्यावर कुटुंबासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘आता याला खायला काय द्यावे?’ हाच. या प्रश्नाचे उत्तर बहुधा माणसाच्या आजारपणातील पथ्याच्या कल्पनेवरून शोधले जाते आणि येथेच चूक होते.

२. लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(अ) मांजराच्या पचनसंस्थेची व चयापचयाची वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
(ब) दूध, लंघन व ‘हलका आहार’ यांविषयीच्या प्रचलित समजुतींची चिकित्सा करणे.
(क) पचनविकाराच्या स्वरूपानुसार आहार निवडण्याची क्रमबद्ध पद्धती मांडणे.
(ड) घरगुती आहार व शाकाहारी कुटुंबांपुढील प्रश्न यांचा विचार करणे.

सदर लेख उपलब्ध शास्त्रीय माहितीच्या आधारे केलेले विवेचन असून तो पशुवैद्यकाच्या तपासणीला पर्याय नाही, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

३. मांजराची पचनसंस्था : मूलभूत वैशिष्ट्ये

मांजर हा अनिवार्यपणे मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा मांस आवडीने खातो, तरी मिश्र आहारावर तो चांगला जगू शकतो. मांजराबाबत तसे म्हणता येत नाही. त्याची शरीररचना आणि चयापचय हे दोन्ही प्राणिज अन्नाला अनुसरून घडलेले आहेत. त्याच्या आतड्याची लांबी शरीराच्या लांबीच्या साधारण चौपट असते, तर कुत्र्यात ती साधारण सहापट असते. मांजराच्या लाळेत पिष्टमय पदार्थांचे पचन करणारे अमायलेज हे विकर नसते. स्वादुपिंडातून ते स्रवते, परंतु त्याचे प्रमाण कुत्र्याच्या तुलनेत फारच कमी असते. नीट शिजवलेले पिष्ट मांजर काही प्रमाणात पचवू शकते, हे खरे आहे. परंतु पोळी किंवा भात हा त्याच्या आहाराचा पाया होऊ शकत नाही. मांजराला गोड चवीची जाणीवही होत नाही. त्यासाठी आवश्यक असलेले जनुक मांजरात निष्क्रिय झालेले असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

मांजराचे यकृत प्रथिनांचे विघटन सातत्याने करत असते. आहारातून प्रथिने कमी मिळाली तरी ही क्रिया पुरेशी मंदावत नाही. परिणामी शरीर स्वतःचेच स्नायू झिजवू लागते. काही अमिनो आम्लांबाबत तर ही गरज फारच तातडीची आहे. अर्जिनीन नसलेल्या एकाच भोजनानंतर काही तासांत मांजराच्या रक्तातील अमोनिया वाढून विषबाधेची लक्षणे दिसतात, हे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. टॉरिनच्या अभावामुळे मांजराच्या नेत्रपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ साली, तर त्याच अभावामुळे हृदयाचे स्नायू दुर्बल होतात आणि टॉरिन दिल्यास ते सुधारू शकतात, हे १९८७ साली प्रसिद्ध झाले. टॉरिन प्राणिज ऊतींत असते. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते. त्याचप्रमाणे गाजर-भोपळ्यातील बीटा कॅरोटीनपासून मांजर जीवनसत्त्व अ तयार करू शकत नाही.

पचनविकाराच्या संदर्भात या माहितीचे महत्त्व असे की, आजारी आतड्यातून पोषकद्रव्यांचे शोषण आधीच कमी झालेले असते. अशा वेळी मुळातच अपुरा आहार दिल्यास दुहेरी हानी होते.

४. दूध आणि मांजर : एका समजुतीची चिकित्सा

मांजर डोळे मिटून दूध पिते, असे मराठीत म्हटले जाते. त्यातील लबाडीचा अर्थ बाजूला ठेवला, तरी मांजर आणि दूध यांची जोडी भाषेत किती पक्की आहे हे त्यावरून दिसते. मांजराला दूध आवडते यात शंका नाही. मात्र आवड आणि पचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिल्लाच्या आतड्यात दुग्धशर्करेचे पचन करणारे लॅक्टेज हे विकर भरपूर असते. पिल्लू साधारण सहा ते आठ आठवड्यांत आईच्या दुधावरून सुटते आणि त्यानंतर हे विकर घटत जाते. गाईच्या दुधात सुमारे साडेचार ते पाच टक्के दुग्धशर्करा असते. ती न पचता मोठ्या आतड्यात गेली की पाणी ओढून घेते व तेथील जीवाणू तिचे किण्वन करतात. त्यातून पोट फुगणे, वायू आणि पातळ जुलाब या तक्रारी निर्माण होतात. प्रत्येक मांजराची सहनशीलता वेगळी असते. एखादे मांजर दोन चमचे दूध सहज पचवते, तर दुसऱ्याला तेवढ्यानेही त्रास होतो.

दुधाची दुसरी अडचण कमी लक्षात घेतली जाते. घरात राहणाऱ्या सुमारे चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधातून सुमारे १०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एक लहान वाटी दूध दिवसाच्या गरजेचा चाळीस ते पन्नास टक्के भाग व्यापते. मांजराची भूक भागते आणि ते मांसयुक्त अन्न बाजूला सारते. ‘आमचे मांजर काही खातच नाही, फक्त दूध पिते’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते. म्हणून पचनविकार असलेल्या कोणत्याही प्रौढ मांजराच्या आहारातील पहिला आणि सर्वांत स्वस्त बदल म्हणजे दूध पूर्णपणे बंद करणे व त्याजागी स्वच्छ पाणी ठेवणे. केवळ एवढ्याने काही मांजरांचे जुलाब थांबतात. दह्यात दुग्धशर्करा तुलनेने कमी असली तरी दही-भात हाही मांजराचा आहार नव्हे.

५. लंघन आणि ‘हलका आहार’

पोट बिघडले की एक वेळ जेवण टाळावे, नंतर पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक असा आहार घ्यावा, ही मराठी घरांतील रूढ रीत आहे. माणसासाठी ती बहुतांशी योग्यही आहे. हीच रीत मांजराला लावली जाते तेव्हा मात्र गंभीर धोका संभवतो.

मांजर काही दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी मोठ्या प्रमाणावर यकृताकडे वाहू लागते. ती चरबी हाताळण्याची यकृताची क्षमता मर्यादित असल्याने ती तेथेच साठते आणि यकृताचे कार्य कोलमडते. लठ्ठ मांजरात हा धोका विशेष असतो. वेळीच उपचार न झाल्यास हा विकार प्राणघातक ठरतो. म्हणून ‘भूक लागली की आपोआप खाईल’ हा विचार मांजराबाबत चुकीचा आहे. प्रौढ मांजराने चोवीस तास काहीही खाल्ले नाही, तर पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. पिल्लांच्या बाबतीत एवढा वेळही दवडू नये. नवीन खाद्य खावे म्हणून हट्टाने उपाशी ठेवणे हेही त्याच कारणाने वर्ज्य समजावे.

‘हलका आहार’ या संज्ञेचा अर्थही प्राणिपरत्वे बदलतो. माणसासाठी मऊ भात हलका असतो. मांजरासाठी हलका आहार म्हणजे सहज पचणारी, उत्तम प्रतीची प्राणिज प्रथिने होत. त्याच्या दृष्टीने भाताची पेज हा पोषणशून्यतेकडे नेणारा पदार्थ आहे. चरबीविषयीही असाच गैरसमज आढळतो. जुलाब झालेल्या माणसाचे तेल-तूप बंद केले जाते. मात्र दीर्घकालीन जुलाब असलेल्या मांजरांवरील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी चरबीचा व अधिक चरबीचा, असे दोन्ही सुपाच्य आहार सारखेच उपयुक्त ठरल्याचे आढळले. म्हणजे अन्न किती पचते हे महत्त्वाचे आहे. ते माणसाला हलके वाटते की जड, हे नव्हे.

घरातील उरलेले रस्सा-कालवण देण्याची सवय याच संदर्भात तपासली पाहिजे. महाराष्ट्रीय स्वयंपाकात कांदा आणि लसूण यांचा वापर सर्रास होतो. हे दोन्ही पदार्थ, कच्चे असोत वा शिजवलेले, मांजराच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. रश्श्यातील मटणाचा तुकडा धुऊन दिला तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही. तसेच माणसांची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

६. आहार बदलण्यापूर्वी कारणांचा शोध

पचनाची तक्रार हे लक्षण आहे, रोग नव्हे. आहार बदलून सुटणाऱ्या आणि न सुटणाऱ्या तक्रारी यांत भेद करणे ही आहारनिवडीची पहिली पायरी होय.

पिल्लांमध्ये जंत व जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी हे जुलाबाचे नेहमीचे कारण असते. लस न टोचलेल्या पिल्लाला उलट्या, जुलाब, ताप आणि कमालीची मरगळ असेल, तर मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या विषाणुजन्य रोगाचा संशय घ्यावा लागतो. वयस्कर मांजर भरपूर खाऊनही रोडावत असेल आणि त्याला अधूनमधून उलट्या-जुलाब होत असतील, तर थायरॉईड ग्रंथीची अतिक्रियाशीलता तपासावी लागते. मूत्रपिंडाचे विकार, स्वादुपिंडाचा दाह, आतड्याचा दीर्घकालीन दाह आणि आतड्यातील कर्करोग यांचीही लक्षणे अशीच असतात. खेळताना गिळलेला शिवणाचा दोरा, पतंगाचा मांजा किंवा राखीचा दोरा आतड्यात अडकून सतत उलट्या होऊ शकतात. असा दोरा तोंडातून अथवा गुदद्वारातून लोंबत असला तरी घरी ओढून काढू नये. त्यामुळे आतडे कापले जाण्याची भीती असते.

एक चूक विशेष उल्लेखनीय आहे. बोका मलमूत्राच्या पात्रात वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो आणि काहीच बाहेर पडत नाही, असे दिसल्यावर त्याला बद्धकोष्ठता झाली असे समजले जाते. प्रत्यक्षात त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. ही तातडीची अवस्था असून एक-दोन दिवसांच्या विलंबाने मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी आहाराचा विचार न करता तत्काळ दवाखाना गाठणे हाच मार्ग आहे.

विष्ठेत रक्त, वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे, झपाट्याने वजन घटणे, हिरड्या फिकट वा पिवळ्या दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्रथम तपासणी व नंतर आहार हा क्रम पाळावा. मुंबईत परळ येथे १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये ही या दृष्टीने महत्त्वाची केंद्रे आहेत.

७. लक्षणानुसार आहाराची निवड

७.१ अल्पकालीन जुलाब : मांजर चपळ आहे, खाते आहे, परंतु विष्ठा एक-दोन दिवस पातळ आहे, अशा स्थितीत दूध, बिस्किटे, खाऊ व उष्टे अन्न बंद करावे. सुपाच्य प्राणिज प्रथिनांचा आहार दिवसातून चार ते सहा वेळा थोडा थोडा द्यावा. निसर्गात मांजर दिवसभरात अनेक लहान शिकारी करून खाते. त्यामुळे लहान व वारंवार भोजन त्याच्या पचनसंस्थेला मानवते. मीठ, मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेले, हाडे काढलेले कोंबडीचे मांस दोन-तीन दिवसांपुरते चालू शकते. त्याहून अधिक काळ ते एकटे पुरेसे नाही. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

७.२ दीर्घकालीन जुलाब वा उलट्या : तक्रार तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकली तर ती दीर्घकालीन समजावी. परजीवी व अन्य रोग वगळल्यानंतर आहारचाचणी हा निदानाचाच भाग ठरतो. अशा मांजरांच्या शरीरात जीवनसत्त्व ब-१२ची कमतरता असू शकते. ती भरून काढल्याशिवाय चांगल्या आहाराचाही अपेक्षित परिणाम दिसत नाही.

७.३ बद्धकोष्ठता : येथे पाणी हा आहाराचा सर्वांत महत्त्वाचा घटक ठरतो. कोरड्या खाद्यात साधारण दहा टक्के, तर ओल्या खाद्यात पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. मांजर स्वभावतः कमी पाणी पिते, कारण शिकारीच्या मांसातूनच त्याची पाण्याची बहुतेक गरज भागत असते. म्हणून ओले खाद्य देणे, अन्नात कोमट पाणी मिसळणे आणि घरात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी ठेवणे उपयुक्त ठरते. उकडलेला लाल भोपळा किंवा इसबगोल यांतील तंतूंचा काही मांजरांना लाभ होतो. परंतु शरीरात पाणी कमी असताना इसबगोल दिल्यास मल अधिकच घट्ट होऊन अडकतो. त्यामुळे त्याचे प्रमाण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे.

७.४ खाल्ल्याबरोबर होणाऱ्या उलट्या : घाईघाईने खाणारे मांजर अन्न न पचवताच बाहेर टाकते. एकाहून अधिक मांजरे असलेल्या घरात स्पर्धेमुळे हे घडते. येथे खाद्याचा प्रकार बदलण्याऐवजी प्रत्येकाची बशी वेगळ्या जागी ठेवणे आणि अन्न पसरट ताटलीत थोडे थोडे वाढणे हा उपाय होय. अंग चाटताना गिळलेल्या केसांचा गोळा क्वचित उलटून पडणे स्वाभाविक आहे. तो वारंवार पडू लागल्यास मात्र आतड्याच्या हालचालीत दोष असू शकतो.

८. वर्ज्य आहार चाचणी

एखाद्या विशिष्ट प्रथिनामुळे त्रास होतो की नाही, हे ठरवण्यासाठी वर्ज्य आहार चाचणी वापरली जाते. दीर्घकालीन पचनतक्रारी असलेल्या ५५ मांजरांवरील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या मांजरांची लक्षणे केवळ निवडक आहाराने थांबली. त्यांपैकी १६ मांजरांना जुने अन्न पुन्हा देताच लक्षणे परतली. म्हणजे त्यांची अन्नसंवेदनशीलता सिद्ध झाली. उर्वरित ११ मांजरांना जुन्या अन्नानेही पुन्हा त्रास झाला नाही. या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. औषधांची मालिका सुरू करण्यापूर्वी योग्य आहार निष्ठेने देऊन पाहणे शहाणपणाचे आहे, असा त्याचा अर्थ होतो. मांजरांमध्ये अन्नाच्या प्रतिक्रियेस कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत गोमांस, मासे आणि कोंबडी यांची नोंद अधिक आढळते. म्हणूनच ‘आमचे मांजर वर्षानुवर्षे कोंबडीच खाते, त्याला तिचा त्रास कसा होईल?’ हा युक्तिवाद टिकत नाही. संवेदनशीलता निर्माण होते ती वारंवार खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाविषयीच.

या चाचणीचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात मांजराने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्राणिज प्रथिन निवडले जाते. दुसऱ्यात जलापघटित प्रथिनांचा औषधी आहार दिला जातो. जलापघटित म्हणजे प्रथिनांचे रेणू इतके लहान केलेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखत नाही. दुसरा मार्ग महाग असला तरी अधिक खात्रीचा आहे.

चाचणीचे यश कुटुंबाच्या शिस्तीवर अवलंबून असते. ठरवलेल्या काळात मांजराच्या पोटात अन्य काहीही जाता कामा नये. आजीने दिलेली दुधाची वाटी, मुलांनी टाकलेला बिस्किटाचा तुकडा, शेजारच्या घरातील सुकट, दुसऱ्या मांजराची बशी, यांपैकी एकानेही निष्कर्ष निरर्थक होतो. म्हणून घरातील सर्वांना चाचणीचे प्रयोजन समजावून देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. पचनाच्या लक्षणांत सुधारणा व्हायची असेल तर ती बहुधा दोन ते तीन आठवड्यांत दिसते. दोन-तीन दिवसांत फरक नाही म्हणून पुन्हा नवे खाद्य आणणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. पाच प्रकारची खाद्ये आळीपाळीने दिल्यास कोणते मानवले व कोणते बाधले हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

नेहमीचा आहार बदलताना जुन्यात नवे मिसळत जावे. पहिले दोन दिवस एक चतुर्थांश, नंतर निम्मे, नंतर तीन चतुर्थांश, अशा रीतीने सात ते दहा दिवसांत बदल पूर्ण करावा. अन्न कोमट केल्यास त्याचा वास वाढतो व रुची नसलेले मांजर खाण्यास प्रवृत्त होते. साध्या वहीत दररोज खाद्य, त्याचे प्रमाण, उलटी, विष्ठेचे स्वरूप आणि आठवड्यातून एकदा वजन यांची नोंद ठेवावी. ही नोंद पशुवैद्यकाला तोंडी वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

९. वेष्टनावरील माहितीचे वाचन

बाजारातील खाद्य निवडताना किंमत, चित्र व जाहिरात यांपेक्षा वेष्टनावरील बारीक मजकूर महत्त्वाचा असतो. प्रथम ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असा उल्लेख आहे किंवा नाही, हे पाहावे. अनेक लहान पाकिटे व चाटण्याचे खाऊ ‘पूरक’ या वर्गात मोडतात. त्यांवर मांजराला पोसता येत नाही. आहार पिल्लासाठी आहे की प्रौढासाठी, हेही तपासावे. कुत्र्याचे खाद्य मांजराला पर्याय म्हणून देऊ नये; त्यात प्रथिने व टॉरिन मांजराच्या गरजेइतके असतीलच असे नाही.

दुसरी बाब म्हणजे कोरड्या व ओल्या खाद्याची तुलना. एका ओल्या खाद्यावर प्रथिने १० टक्के व पाणी ८० टक्के, तर एका कोरड्या खाद्यावर प्रथिने ३२ टक्के व पाणी १० टक्के असे लिहिले आहे, असे समजू. वरवर पाहता कोरडे खाद्य सरस वाटते. परंतु पाणी वगळल्यास ओल्या खाद्यातील २० भाग शुष्क पदार्थांत १० भाग, म्हणजे ५० टक्के प्रथिने आहेत. कोरड्या खाद्यातील ९० भागांत ३२ भाग, म्हणजे सुमारे ३५.५ टक्के प्रथिने आहेत. अमेरिकेतील पशुखाद्य मानकांनुसार प्रौढ मांजराच्या आहारात शुष्क पदार्थाच्या किमान २६ टक्के व वाढत्या पिल्लाच्या आहारात किमान ३० टक्के प्रथिने अपेक्षित आहेत. या कसोटीवर दोन्ही खाद्ये उतरतात. मग निवड पचनतक्रारीच्या स्वरूपावर करावी. बद्धकोष्ठता असल्यास ओले खाद्य योग्य ठरेल.

१०. घरगुती आहार आणि शाकाहारी कुटुंबे

घरी शिजवलेले अन्न ताजे व शुद्ध असते, म्हणून ते उत्तमच असले पाहिजे असे मानले जाते. मांजराबाबत ते अपुरे पडते. केवळ मांसात स्फुरद भरपूर व कॅल्शियम अत्यल्प असते. अशा आहाराने हाडे ठिसूळ होतात. केवळ यकृत खाऊ घातल्यास जीवनसत्त्व अ शरीरात साठून विषारी ठरते. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन नष्ट करणारे विकर असते. सुकट-बोंबलासारख्या खारवलेल्या वा सुकवलेल्या मासळीतून मीठ जास्त जाते. त्यामुळे घरगुती आहार दीर्घकाळ द्यायचा असल्यास तो पशुपोषणतज्ज्ञाने आखून दिलेल्या प्रमाणानुसार व पूरक द्रव्यांसहच द्यावा.

कच्चे मांस ‘नैसर्गिक’ म्हणून देण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. त्यातील साल्मोनेलासारखे जीवाणू आजारी आतड्याला अधिक त्रासदायक ठरतात आणि घरातील माणसांनाही बाधू शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा संसर्ग आढळला. मार्जारकुळातील प्राणी या विषाणूला बळी पडतात, हे लक्षात घेता कोंबडीचे मांस पूर्ण शिजवूनच द्यावे.

शाकाहारी कुटुंबांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जीवदयेच्या भावनेतून आश्रय दिलेल्या मांजरासाठी दुसऱ्या जिवाचे मांस आणणे अनेकांना खटकते. ही भावना आदरणीय आहे. तरीही त्या भावनेची किंमत मांजराने आपल्या डोळ्यांनी वा हृदयाने चुकवावी, हे जीवदयेच्या तत्त्वात बसत नाही. कृत्रिम टॉरिन घातलेली शाकाहारी खाद्ये काही देशांत उपलब्ध आहेत. तथापि, ज्याचे शोषणच बिघडलेले आहे अशा रुग्ण मांजरावर तो प्रयोग करणे धोक्याचे आहे. घरात मांस शिजवणे शक्य नसल्यास बंद पाकिटातील संपूर्ण आहार, स्वतंत्र भांडी व स्वतंत्र जागा हा व्यवहार्य मध्यममार्ग ठरतो. हेही मान्य नसल्यास मांजर पाळण्यापूर्वीच त्याचा विचार होणे इष्ट होय.

११. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पूर्वीची मांजरे दूध-पोळीमुळे नव्हे, तर शिकारीमुळे निरोगी राहत. बंदिस्त घरातील मांजराच्या पोषणाची संपूर्ण जबाबदारी पालकावर येते.
२) पचनविकार असलेल्या प्रौढ मांजराच्या आहारातून दूध प्रथम काढून टाकावे.
३) लंघन, पेज, मऊ भात ही माणसाची पथ्ये मांजराला लागू पडत नाहीत. चोवीस तासांची उपासमार ही धोक्याची सूचना समजावी.
४) आहार बदलण्यापूर्वी जंत, संसर्ग, अडकलेली वस्तू, मूत्रमार्गातील अडथळा व अन्य रोग वगळणे आवश्यक आहे.
५) एका वेळी एकच बदल, तोही दोन ते तीन आठवडे निष्ठेने व लेखी नोंदीसह करावा.
६) कच्चे मांस, कांदा-लसणाचे कालवण व असंतुलित घरगुती आहार टाळून ‘संपूर्ण’ आहाराची निवड करावी.

१२. समारोप

मांजर आपल्या वेदना सहसा उघड करत नाही. ते कोपऱ्यात जाऊन बसते, बशीकडे पाठ फिरवते आणि घरातील माणसे त्याला त्याचा लहरीपणा समजतात. अशा प्राण्याचे पोषण केवळ मायेने साधत नाही. त्या मायेला त्याच्या शरीरधर्माच्या ज्ञानाची जोड द्यावी लागते. माणसाला जे पथ्यकर वाटते ते मांजराला पथ्यकर असेलच असे नाही, एवढे भान पालकांना आले, तरी अनेक मांजरांची टाळता येण्याजोगी दुखणी टळतील.